सोबतच्यांनी पाठ थोपटली. आता स्वतःची ओळख कशी लिहायची?

ज्यांच्याबरोबर आपण लिहितो, ज्यांचं लिहिणं आपण वाट बघून वाचतो, त्यांनीच एक दिवस एखाद्या मानासाठी आपलं नाव पुढे केलं की अंगावर मूठभर मांस चढतं. मागोमाग निरोप येतो : 'आता स्वतःबद्दल चार शब्द लिहून दे.' आणि तिथेच हात अडतो. चार शब्द म्हणजे चार नव्हेत, एवढं सगळ्यांना कळतं. पण मग किती, कशाबद्दल आणि कुठल्या सुरात, हे कुणी सांगत नाही.

मी जुने कपडे दुरुस्त करते आणि त्याबद्दल लिहिते. रफू, ठिगळ, उसवलेली शिवण, झिजलेली कॉलर, असलं सगळं. माझ्यासोबत लिहिणाऱ्यांनी अशाच एका मानासाठी माझी निवड केली, तेव्हा वाटलं होतं की ओळख लिहिणं हे अर्ध्या तासाचं काम. लागले अकरा दिवस आणि सात खर्डे. पहिले सहा का फसले, हे नंतर एकेक करून लक्षात आलं. त्यानंतर दोन-चार मैत्रिणींच्या ओळखींवरही हात फिरवून दिला. त्या सगळ्या उसवाउसवीतून जे हाती लागलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक फरक ध्यानात घ्या. नोकरीच्या अर्जातली ओळख समोरच्याला पटवण्यासाठी असते. इथे पटवण्याचं काम दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलंय. तुमची ओळख वाचायला येणारा माणूस 'ही चांगलं लिहिते' हे ऐकूनच आलेला असतो. त्याच्या मनात दोनच प्रश्न असतात : ही आहे कोण, आणि हिचं मी आधी काय वाचू? या दोन प्रश्नांना सोडून जे जे लिहाल ते जास्तीचं. माझे सहाच्या सहा खर्डे तिसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होते : 'मी खरंच या लायकीची आहे का?' तो प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता.

पहिले दोन दिवस फक्त पोच द्या

निरोप मिळाला की त्याच दिवशी कळवा : 'वाचून फार आनंद झाला. मनापासून आभार. ओळख रविवारपर्यंत पाठवते.' बस्स. तारीख मात्र नक्की सांगा. नाहीतर ओळख मागणारा बिचारा आठवण करू की नको, या पेचात पडतो.

ओळख त्या दिवशी लिहायला बसू नका. पहिल्या दिवशी लिहिलेल्या ओळखीत उद्गारचिन्हं फार होतात. दुसऱ्या दिवशी उलटी लाट येते : मी कुठली एवढी मोठी लागून गेले, यांची काहीतरी गफलत झाली असणार. ही भावना इतकी सर्रास आढळते की तिला मानसशास्त्रात नाव आहे : 'इम्पोस्टर फिनॉमेनन'. पॉलीन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली तिच्यावर पहिला शोधनिबंध लिहिला. आपापल्या क्षेत्रात उत्तम काम केलेल्या दीडशेहून जास्त स्त्रियांशी त्यांचं बोलणं झालं होतं, आणि त्यांतल्या कित्येकींना मनातून वाटत होतं की आपण लोकांना फसवतो आहोत, एक दिवस पितळ उघडं पडणार. तेव्हा दुसऱ्या दिवशी असं काही वाटलं, तर ते आपल्या लेखनाबद्दलचं निदान समजू नका. कापड नुकतं धुतलंय, आटायचं ते आटू द्या. माप तिसऱ्या दिवशी घ्या.

दाद नेमकी कशाला मिळाली, ते शोधा

तिसऱ्या दिवशीचं पहिलं काम लिहिण्याचं नाही, वाचण्याचं. निवड करताना त्यांनी तुमच्याबद्दल जे लिहिलं किंवा म्हटलं असेल, ते शब्दाला शब्द उतरवून घ्या. त्यातली 'सुंदर', 'अप्रतिम', 'खूप छान' ही विशेषणं बाजूला सारा. ती सगळ्यांच्याच वाट्याला येतात. क्रियापदं बघा. 'समजावून सांगते', 'हसवते', 'विचारात पाडते', 'धीर देते' यांतलं तुमच्या वाट्याला काय आलंय? माझ्याबद्दल एकीने लिहिलं होतं, 'हिचं वाचता वाचता सुईदोरा हातात घ्यावासा वाटतो.' हे एक वाक्य म्हणजे माझ्या ओळखीचा अख्खा बेत होता. पण ते मी पाचव्या खर्ड्यानंतर नीट वाचलं.

कारण कुठे लिहिलेलंच नसेल, तर विचारा. विचारण्याची पद्धत मात्र सांभाळा. 'माझं काय आवडलं तुम्हाला?' असं विचारलं की समोरच्याला पुन्हा एकदा कौतुकच करावं लागतं. त्यापेक्षा 'निवड करताना माझा कुठला लेख डोळ्यासमोर होता?' असं विचारा. उत्तरात एखाद्या लेखाचं नाव मिळतं, आणि पुष्कळदा तो आपण स्वतः निवडला नसता असा असतो. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली स्वतःला जाणून घेण्यासाठी चार चौकटींची एक खिडकी मांडली. दोघांच्या पहिल्या नावांवरून तिला 'जोहारी खिडकी' म्हणतात. तिच्यातली एक चौकट लोकांना दिसणाऱ्या पण आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. ओळख लिहिताना या चौकटीत डोकवायची चालून आलेली संधी सोडू नये. मला वाटायचं, माझं लिखाण उपयोगी म्हणून आवडतं. दोघांनी सांगितलं, 'तू फसलेलं रफूसुद्धा दाखवतेस, म्हणून.'

कच्चा माल : तीस गोष्टी

वीस मिनिटांचा गजर लावा आणि स्वतःबद्दल तीस गोष्टी लिहून काढा. क्रमाची, महत्त्वाची पर्वा नको. पहिल्या दहा सगळ्यांच्या सारख्याच निघतात : वाचनाची आवड, प्रवासाची आवड, संगीत ऐकते, माणसं जोडायला आवडतात. अकराव्यापासून हात मंदावतो. विसाव्याच्या आसपास काहीच सुचत नाही आणि मग चिडून जे लिहिलं जातं तिथे खरा माल सापडतो. माझ्या यादीतली चोविसावी गोष्ट होती : 'रफूसाठी दोरा विकत आणत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागा उसवून घेते, म्हणजे रंग आणि जाडी दोन्ही जुळतात.' लिहिताना ही काही सांगण्यासारखी गोष्ट वाटली नव्हती. शेवटी ओळख तिच्यावरच उभी राहिली.

यादी झाली की प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा : ही ओळ दुसऱ्या कुणाच्या ओळखीत जशीच्या तशी बसेल का? बसत असेल तर काट मारा. 'मला लहानपणापासूनच वाचनाची आणि लेखनाची आवड आहे' हे वाक्य या चाळणीतून कधीच पार होत नाही. मराठीत लिहिणाऱ्या निम्म्या लोकांची ओळख याच वाक्याने सुरू होते. माझा पहिला खर्डाही तिथूनच निघाला होता, हे कबूल करते. वाक्य खोटं नाही, पण त्याने वाचणाऱ्याला काही दिसत नाही. आवड होती तर काय करत होतात? वर्गात बाकाखाली पुस्तक धरून वाचत होतात? रद्दीतल्या कागदांवर गोष्टी लिहीत होतात? ते सांगा, आवड आपोआप कळते.

तीसपैकी सहा-सात ओळी उरतील. पुरेशा आहेत.

पहिलं वाक्य

नमनालाच घडाभर तेल जाळायची आपल्याला सवय आहे. 'आज या निमित्ताने आपल्याशी संवाद साधताना मला अतीव आनंद होत आहे' इथपर्यंत येऊनही वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल एक अक्षर कळलेलं नसतं.

सुरुवातीचं वजन किती असतं, हे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९४६ साली एका साध्या प्रयोगात दाखवलं. एका माणसाचं वर्णन म्हणून त्यांनी सहा विशेषणं वाचून दाखवली : हुशार, कष्टाळू, उतावळा, टीकाखोर, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हीच सहा विशेषणं उलट्या क्रमाने ऐकवली. 'हुशार' आधी ऐकलेल्यांना तो माणूस एकंदरीत बरा वाटला, 'मत्सरी' आधी ऐकलेल्यांना तितकासा नाही. माणूस तोच, शब्द तेच. आता विचार करा, आपण ओळखीची सुरुवात 'मी काही फार मोठी लेखिका नाही' इथून केली, तर पुढचं सगळं कुठल्या चष्म्यातून वाचलं जाणार?

म्हणून पहिल्या वाक्यात तुम्ही काहीतरी करताना दिसा. 'मी शिवणकाम आणि वस्त्रदुरुस्ती या विषयांवर लेखन करते' हे बिनचूक आहे, पण पाटीवर लिहिल्यासारखं. माझ्या सातव्या खर्ड्याचं पहिलं वाक्य असं झालं : 'कुणाच्याही घरी गेले की माझी नजर आधी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या कोपरांकडे जाते.' एक बाई डोळ्यांसमोर उभी राहते, ती कशाबद्दल लिहीत असेल याचा अंदाज येतो, आणि 'लेखिका' हा शब्द कुठेच वापरावा लागत नाही.

चांगलं पहिलं वाक्य बहुतेक वेळा तुमच्या खर्ड्यात आधीच असतं, फक्त तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात दडलेलं. वरचे परिच्छेद झाकून बघा.

मी, ती, की त्या?

हा पेच मराठीतच इतका टोचतो. ओळख प्रथमपुरुषात लिहिली तर प्रत्येक वाक्यात 'मी, मी' होतं. तृतीयपुरुषात लिहावी, तर स्वतःला 'त्या लिहितात' म्हणायचं की 'ती लिहिते'? 'त्या' म्हटलं की आपणच आपल्याला आदर देतोय असं दिसतं. 'ती' म्हटलं की ललित लेखातलं पात्र वाटतं.

मी पाळते तो नियम सांगते. ओळख दुसरं कुणी वाचून दाखवणार असेल, तर बिनदिक्कत 'त्या लिहितात' असं लिहून द्या. वाचणाऱ्याच्या तोंडी तेच शोभतं, आणि तुम्ही 'ती' लिहून दिलंत तर ऐन वेळी त्याला बदल करत अडखळावं लागतं. ओळख तुमच्या नावाखाली छापून येणार असेल, तर सरळ 'मी' लिहा. 'मी'चा मारा टाळायला मराठीत सोय आहेच, क्रियापदातून आणि संदर्भातून कर्ता कळतो. 'मी रोज रात्री एक कपडा हातात घेते' यातला 'मी' काढला तरी काही बिघडत नाही. माझ्या खर्ड्यात एकवीस 'मी' होते. वाक्याला धक्का न लावता त्यातले चौदा निघाले.

'प्रस्तुत लेखिका' आणि 'अस्मादिक' यांपासून लांबच राहा. पहिलं सरकारी वाटतं, आणि दुसरं विनोदी लेखकांनी इतकं वापरलंय की त्यातला विनोद झिजून गेलाय. स्वतःच्या नावाआधी कुठलीही उपाधी लावू नका. लावायची तर लावणारे लावतील.

टिमकी आणि खोटी नम्रता

स्वतःची टिमकी वाजवू नये, हे आपल्याला घरात, शाळेत, सगळीकडे शिकवलं जातं. त्याची दुसरी बाजू मात्र कुणी शिकवत नाही, म्हणून मी माझ्या हाताने केलेली चूक सांगते. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात असं वाक्य होतं : 'माझ्यापेक्षा कितीतरी सरस लिहिणारे असताना माझी निवड झाली, हे मला अजूनही पटत नाही. माझी तेवढी पात्रताच नाही.' नम्रपणाची कमाल झाली, असं माझं मत. ज्या ताईंनी माझं नाव सुचवलं होतं, त्यांना खर्डा दाखवला. वाचून त्या म्हणाल्या, 'अगं, म्हणजे आम्ही सगळे मिळून चुकलो, असं म्हणायचंय का तुला?'

मी गप्प. त्यांनी माझे जुने लेख काढून वाचले होते, दोघा-तिघांशी वाद घातला होता, आणि मी एका वाक्यात त्यांच्या पारखीला नाकं मुरडली होती. 'पात्रता नाही' हे वाक्य आपल्याबद्दल असतं असं वाटतं. लागतं मात्र निवडणाऱ्याला.

याहून वाईट एक प्रकार आहे, लाडिक तक्रारीचा. 'काय करावं, लोक सारखे नव्या लेखांची मागणी करतात, झोपसुद्धा होत नाही.' संशोधक ओव्हुल सेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा झाकलेल्या फुशारकीवर केलेलं संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झालं. निष्कर्ष गमतीचा आहे : उघड बढाई मारणारा लोकांना आवडत नाही, पण तक्रारीच्या किंवा नम्रपणाच्या आडून बढाई मारणारा त्याहूनही कमी आवडतो, कारण तो खोटा वाटतो. म्हणजे सांगायचंच असेल तर सरळ सांगितलेलं परवडलं.

सरळ म्हणजे कसं? विशेषण काढा, काम ठेवा. 'मी एक अनुभवी आणि लोकप्रिय लेखिका आहे' ही टिमकी. 'माझा हा अल्पसा प्रयत्न गोड मानून घ्यावा' ही खोटी नम्रता. 'आतापर्यंत दोनशेच्या वर कपडे दुरुस्त केले, त्यांपैकी साठेकांबद्दल लिहिलं' हे नुसतं काम. आकडा खरा असेल तर लाजू नका. 'खारीचा वाटा', 'दिग्गजांच्या मांदियाळीत', 'साहित्यसेवा' हे शब्द माझ्या तिसऱ्या खर्ड्यात एकाच परिच्छेदात होते. आता तो वाचला की हसू येतं.

एखादं न जमणारं

ओळखीत एक तरी उणीव सांगावी, असं माझं मत आहे, आणि त्याला थोडा आधारही आहे. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९६६ साली विद्यार्थ्यांना एका प्रश्नमंजुषेतल्या स्पर्धकाची ध्वनिफीत ऐकवली. एक स्पर्धक ९२ टक्के उत्तरं बरोबर देणारा, दुसरा ३० टक्के. काही फितींमध्ये शेवटी स्पर्धकाच्या हातून अंगावर कॉफी सांडते. कॉफी सांडल्यावर हुशार स्पर्धक लोकांना जास्त आवडू लागला. बेताच्या स्पर्धकाचं मात्र असलेलं प्रेमही घटलं.

यातून ओळख लिहिणाऱ्याने दोन गोष्टी घ्यायच्या. एक, तुमची निवड झालेली आहे, तेव्हा तुम्ही पहिल्या स्पर्धकाच्या जागी आहात. एखादी चूक तुम्हाला खुलवेल. दोन, चूक कॉफी सांडण्याएवढीच असावी. ज्या गुणासाठी निवड झाली, त्याच्या मुळावर येणारी नको. मी लिहिलं, 'हाताने काज करणं मला अजून धड जमत नाही. माझ्या काजातून बटण एक तर जात नाही, नाहीतर राहत नाही.' रफू करणारीने असं म्हटलेलं चालतं. 'रफू करायचा मला कंटाळा येतो' म्हटलं असतं, तर गंमत गेली असती आणि शंका उरली असती. आणि उणीव खरीच हवी. 'मी जरा जास्तच बारकाईने काम करते' ही उणीव मुलाखतीत कुणी ऐकून घेत असेल, इथे नको.

आभार

थोडक्यात आणि नावानिशी. 'ज्यांनी ज्यांनी मला प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष साहाय्य केलं त्या सर्वांची मी ऋणी आहे' या वाक्यात कुणालाच आपण सापडत नाही. दोघांचे किंवा तिघांचे आभार माना, आणि प्रत्येकाने काय केलं ते एका वाक्यात लिहा. नाव छापण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. सगळ्यांची नावं घ्यायला गेलात तर एक राहून जातंच, आणि लक्षात तेच राहतं.

आभार शेवटाकडे असावेत. आधी घेतले तर वाचणाऱ्याला वाटतं, ओळख संपली.

काय सांगायचं नाही

यावर फार बोललं जात नाही. कौतुक झालं की माणूस मोकळा होतो, आणि मोकळेपणाच्या भरात घराचा पत्ता सोडून बाकी सगळं सांगून बसतो. 'माझ्याबद्दलच्या सात गमती' अशा थाटाची ओळख लिहायची असेल, तर जास्तच जपा. पहिल्या शाळेचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, पाळलेल्या पहिल्या मांजराचं नाव, जन्मतारीख : खात्याचा पासवर्ड विसरल्यावर ओळख पटवायला विचारले जाणारे प्रश्न हेच तर असतात. तुमची गमतीदार ओळख म्हणजे कुणासाठी तरी आयती उत्तरपत्रिका.

मुलांची नावं, त्यांच्या शाळा, रोज फिरायला जायची वेळ आणि जागा, घरात कुणी कधी नसतं हे तपशील गाळा. नोकरीच्या ठिकाणाचं नाव लिहिण्याआधी तिथे चालतं का ते बघा. घरच्यांबद्दलचा किस्सा असेल तर तो त्यांना आधी वाचून दाखवा. नवऱ्याच्या फाटक्या खिशावरचा माझा एक परिच्छेद असाच गेला. 'सगळ्यांना हसायला मीच सापडलो का?' एवढंच तो म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. खिसा नंतर माझ्याच जुन्या सदऱ्याचा दाखवला.

तीन मापांत शिवून ठेवा

ओळख एकदाच लागत नाही. आज सविस्तर मागतील, पुढच्या महिन्यात लेखाखाली टाकायला दोन ओळी मागतील, नंतर कुणीतरी मंचावर वाचून दाखवायला मागेल. म्हणून मोठी आधी लिहा, साडेतीनशे ते पाचशे शब्दांची, आणि तिच्यातून बाकीच्या दोन बेता. उलटं करू नका. मोठ्या कापडातून लहान कपडा निघतो. लहान कापडाला जोड देत मोठा केला की शिवणी दिसतात.

माझी दोन ओळींची तेव्हा अशी होती : 'जुने कपडे दुरुस्त करते आणि ते करताना झालेल्या फजितीसकट लिहून ठेवते. रफू जमतं, काज जमत नाही.' मधली दीडशे शब्दांची. तिच्यात शिवणीतून धागा उसवण्याची गोष्ट येते, आणि नवीन वाचकाने कुठल्या लेखापासून सुरुवात करावी हे येतं. ही शेवटची गोष्ट विसरू नका. लेख एकच सुचवा. 'सगळेच वाचा' म्हटलं की कुणी एकही वाचत नाही. निवड करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर जो लेख होता तोच बहुधा योग्य ठरतो.

बोलून दाखवायची असेल तर

१९४३ च्या ऑस्कर सोहळ्यात ग्रीअर गार्सन या अभिनेत्रीने पुरस्कार स्वीकारताना सुमारे साडेपाच मिनिटं भाषण केलं. त्याची दंतकथा इतकी वाढली की पुढे लोक ते तासभर चाललं होतं असं सांगू लागले. आता तिथे विजेत्यांना ४५ सेकंद मिळतात. आपल्याला मिळणारी 'दोन मिनिटं' बहुतेक दोनच असतात, आणि आपली तयारी सातची असते.

घड्याळ लावून वाचून बघा. माझ्या बोलण्यात मिनिटाला एकशे दहा-वीस शब्द जातात, म्हणजे दोन मिनिटांना सव्वादोनशेच्या वर शब्द नकोत. मी दोनशे धरते, कारण लोक हसले की थांबावं लागतं, आणि नाही हसले तरी थांबायला होतं. कागद जवळ असू द्या, पण पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं. मधे काही विसरलं तर शेवटच्या वाक्यावर उडी मारता येते. छापायची ओळख आणि बोलायची ओळख एक नसते. कागदावरची लांब वाक्यं मंचावर धाप लावतात. बोलताना श्वास जिथे तुटेल, तिथे पूर्णविराम टाका.

पुढची नावं

सोबतच्यांनी दिलेल्या मानाला बऱ्याचदा एक शेपूट असतं : आता तुम्ही चार नावं सुचवा. हे सक्तीचं नसेल तरी करा, पण उरकून टाकू नका. ज्यांनी तुम्हाला निवडलं त्यांचीच नावं परत देणं म्हणजे वाटीची परतफेड वाटीने. आधीच खूप वाचल्या जाणाऱ्यांना तुमच्या शिफारशीची गरज नसते. जे चांगलं लिहितात आणि कुणाच्या नजरेत आलेले नाहीत असे निदान दोघं शोधा. नाव जाहीर करण्याआधी त्यांना विचारा. काहींना उजेड नको असतो. आणि प्रत्येकाबद्दल एक नेमकं वाक्य लिहा, क्रियापदासकट. उद्या त्यांना त्यांची ओळख लिहायला बसायचं आहे, आणि तेव्हा ते तुमचं वाक्य उतरवून घेणार आहेत.

पाठवण्याआधी

एकदा मोठ्याने वाचा. जिथे आवाज आपोआप भाषणाचा होतो ते वाक्य खोडा. मग दोघांना द्या : एक तुम्हाला नीट ओळखणारा, एक अजिबात न ओळखणारा. ओळखणाऱ्याला विचारा, 'यात मी दिसते का?' न ओळखणाऱ्याला कागद परत घेऊन विचारा, 'काय लक्षात राहिलं?' माझ्या वेळी एका अनोळखी बाईंना दोरीवरची कोपरं आणि काज एवढंच आठवलं, नाव आठवलं नाही. चालेल, म्हटलं.

शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्या. स्वतःच्या ओळखीतल्या चुका स्वतःला दिसत नाहीत. मी माझंच आडनाव एका ठिकाणी चुकवलं होतं.

आणि दर सहा महिन्यांनी ती फाइल उघडून बघा. मागच्या खेपेला मी उघडली, तेव्हा कळलं की काजाचं वाक्य आता खोटं झालंय. इतक्या लोकांनी त्यावरून चिडवलं की शेवटी एका जुन्या चादरीच्या तुकड्यावर ओळीने चाळीस काजं केली, आणि तिसाव्यापासून ती जमायला लागली. वाक्य लाडकं होतं, खोडताना जिवावर आलं. आता तिथे लिहिलंय, 'झिप बदलायला घेतली की दोन दिवस घरात माझ्याशी कुणी बोलत नाही.'